बाराशे नऊ पाय

वहिनीने कानातलं काढून टेबलावर ठेवलं आणि उजवा कान संगणकाच्या पेटीला लावला. आत कोणीतरी नखाने टिचक्या मारत असावं तसा आवाज येत होता. दोन टिचक्या, जराशी उसंत, पुन्हा दोन.

“येतोय?” वन्संनी विचारलं. त्यांच्या हातात चामडं कापायची रापी होती आणि ती त्यांनी पेटीच्या दिशेने धरली होती, जणू आतून काही बाहेर आलंच तर बघून घेऊ.

“येतोय. कालच्यापेक्षा जोरात.”

“मग डोकं काढ तिथून. शॉक बसायचा.”

दुकानात येणारे सगळे तिला वहिनी म्हणत, कारण तिच्या नवऱ्याला सगळे दादा म्हणत. दादा जाऊन सहा वर्षं झाली तरी वहिनी वहिनीच राहिली. आठ वर्षांनी मोठी असलेली तिची नणंदसुद्धा तिला वहिनीच म्हणायची, फक्त पुढे ‘अगं’ आणि ‘तू’ लावून. ती नणंदेला वन्सं म्हणायची. दोघी वरच्या मजल्यावर राहत आणि खाली जोडे करत. बाजारात मिळतात तसले नव्हेत. कुणाचा एक पाय दोन बोटं आखूड, कुणाची टाच अपघातानंतर तिरकी बसलेली, कुणाच्या तळव्याला साधा खडा टोचला तरी जखम सहा महिने भरत नाही, अशा माणसांचे.

पूर्वी प्रत्येकाच्या पायाचा लाकडी साचा असायचा, कलबूत. बारा वर्षांपूर्वी दादाने पायाचं माप घेणारं यंत्र आणलं. काचेवर पाय ठेवला की खालून उजेडाची रेघ फिरायची आणि पाय जसाच्या तसा संगणकात जायचा. मग भिंतभर कलबुतं गेली आणि तिथे ओलीचा एक मोठा डाग उरला. आता सहाशे बारा माणसांचे बाराशे नऊ पाय त्या टिचक्या मारणाऱ्या डिस्कवर होते. आकड्याचा मेळ बसत नाही असं कुणी म्हटलं की वन्सं सांगायच्या, आमच्याकडे पंधरा जण एकाच पायाने येतात, आणि तरी वेळेवर येतात.

“वाच बघू पुन्हा काय काय म्हणाला तो,” त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

वहिनीने पुठ्ठ्याचा तुकडा उचलला. संगणकाच्या दुकानात फोन करून तिने भाव विचारले होते आणि ते बुटाच्या आतल्या तळाच्या कातरणावर लिहिले होते. या घरात कोरा कागद लिहायला वापरायची पद्धत नव्हती.

“पहिली फिरती. म्हणजे आत तबकडी फिरते, आपल्या आत्ताच्या डिस्कसारखी. जागा चार टेराबाइट, भरपूर. सगळ्यात स्वस्त, पण हळू. दुसरीही फिरतीच, पण भरभर फिरते. जागा निम्मी, किंमत थोडी वर. तिसरीत फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिपा. जागा पाव. आपले पाय जेमतेम मावतील. आणि किंमत पहिलीच्या अडीचपट.”

“जागा कमी आणि पैसे जास्त?”

“वेगाचे पैसे आहेत ते. एक पाय उघडायला आत्ता चार मिनिटं लागतात ना, ते चार सेकंदांवर येईल.”

एवढं बोलून वहिनी थांबली. पुढे काय होणार ते तिला पाठ होतं. वन्सं वाकडे खिळे हातोडीने सरळ करून पुन्हा वापरायच्या, दोऱ्याची टोकं डबीत साठवायच्या, डिंकाची बाटली उलटी टांगून ठेवायच्या. त्यांना तिसरी डिस्क घ्यायला लावायची म्हणजे तासाभराची हुज्जत, आणि त्या हुज्जतीची तयारी वहिनीने रात्रभर केली होती. विजेचं बिल कमी येईल, आवाज होणार नाही, खाली पडली तरी फुटणार नाही. एकूण सहा मुद्दे होते.

“तिसरी घे,” वन्सं म्हणाल्या.

“काय?”

“तिसरी घे म्हटलं. रोजचं काम आहे. चांगली दहा-बारा वर्षं चालायला हवी. त्यात कंजूषपणा नको.”

 वहिनीचा हात आपोआप एप्रनच्या खिशावर गेला. खिशात एक पत्र होतं आणि ते आठ दिवस तिथेच होतं. अपघातातून उठलेल्या लोकांना पुन्हा चालायला शिकवणाऱ्या केंद्रात मापं घ्यायला माणूस हवा होता. नऊ ते चार, आठवड्याला दोन दिवस सुट्टी, बसने चाळीस मिनिटं. तिने अर्ज केला होता, त्यांनी बोलावलं होतं आणि ती दातांच्या डॉक्टरकडे जाते सांगून जाऊन आली होती. त्यांना ती आवडली होती. शनिवारपर्यंत कळवा, असं पत्रात होतं, आणि आज गुरुवार होता.

तिला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की बसच्या वेळा तिला तोंडपाठ झाल्या होत्या. पण वन्संना सांगायचं कसं? साठीची बाई, चौदाव्या वर्षापासून रापी हातात, लग्न केलं नाही, भावाबरोबर दुकान उभं केलं. रोज पहाटे पाचला त्या खाली उतरतात, हे वहिनीला वर अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू यायचं. दुकानातला नळ वाहायचा, स्टूल सरकायचं. एवढा जीव त्यांचा इथे. मी गेले तर या एकट्या काय करतील, हा प्रश्न तिने आठ दिवसांत शंभरदा स्वतःला विचारला होता. उत्तर एकच सापडलं होतं: निदान त्यांच्या हाताशी वेगवान यंत्र तरी असावं. चार मिनिटं पडद्याकडे बघत बसायला लागू नये. म्हणून तर तिसरी डिस्क. आणि आता त्या स्वतःच तिसरी म्हणत होत्या, वर दहा-बारा वर्षंही म्हणत होत्या.

“काय झालं? तुला नकोय का?”

“नाही, मलाही तीच वाटत होती.”

“मग तोंड का पाडलंस?”

“पाडलं नाही. झोप झाली नाही या आवाजाने.”

“वरपर्यंत येतो?” वन्संनी विचारलं, आणि एवढ्याशा टिचक्या वर कशा जातील हे सुचून त्यांचं त्यांनाच हसू आलं. “चल, बांध पेटी. आत्ताच जाऊ. उद्यापर्यंत ही टिकेलशी दिसत नाही.”

पेटी जुन्या शालीत गुंडाळून त्यांनी चाकांच्या बाजारपिशवीत घातली. वहिनी ओढत होती आणि वन्सं शेजारून हात धरून चालल्यासारख्या पिशवीला धरून चालत होत्या. फरशी उचकटलेली दिसली की ओरडायच्या.

“हळू ओढ. बाराशे नऊ पाय आहेत आत.”

“मग त्यांना चालायला सांगा की.”

“फाजीलपणा करू नकोस. तो बँकेतला म्हातारा आठवतो ना, त्याचं माप घ्यायला तीन महिने लागले होते. पुन्हा काच बघितली तर पळून जाईल.”

एरवी वहिनी यावर पोट धरून हसली असती. आज ती पिशवीचं चाक बघत राहिली. पुलाखालची गल्ली ओलांडून, चाव्या बनवणाऱ्याच्या टपरीवरून त्या संगणकाच्या दुकानात पोचल्या तेव्हा अकरा वाजले होते.

दुकानदाराच्या गळ्यात दोरीला बांधलेला स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याने पेटी उघडली, आतली धूळ बघून काही बोलला नाही याबद्दल वहिनीला तो आवडला. त्याने तारा जोडल्या, टिचक्या ऐकल्या, पडद्यावर काहीतरी बघितलं आणि मान हलवली.

“जायच्या बेतात आहे. पण वाचता येतंय अजून. आज कॉपी करून घेतलंत तर सगळं मिळेल.”

“सगळं?” वन्सं म्हणाल्या. “एकही पाय जायला नको हं.”

दुकानदाराने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा पडद्याकडे पाहिलं. वहिनीने कशाचे पाय ते समजावून सांगितलं. मग तो जरा सावरून बसला आणि तीन खोकी काउंटरवर मांडली.

“फोनवर तुम्हीच बोललात ना? कसं आहे, महाग ती चांगली असं काही नसतं. ही हळू आहे, पण नुसतं साठवून ठेवायचं असेल तर हिच्याइतकी परवडणारी दुसरी नाही. माझ्या स्वतःच्या घरी फोटोंना हीच आहे. ही तिसरी घेतलीत तर रोज बसणाऱ्याला फरक कळतो. पण रोज बसणारं कुणी नसेल तर पैसे पाण्यात. काम काय आणि ते करणार कोण, त्यावर आहे सगळं.” त्याने पेन उघडलं. “वापरणार कोण?”

“या,” वहिनी म्हणाली.

“ही,” वन्सं म्हणाल्या.

दोघींची बोटं एकमेकींकडे होती. दुकानदाराने पेन हवेत धरलं.

“म्हणजे दोघी.”

“नाही,” दोघी म्हणाल्या.

मागे पंखा फिरत होता. दुकानदार चांगला माणूस होता. समोरच्या गल्लीत एक वस्तू द्यायची राहिलीय, पाच मिनिटांत येतो, असं म्हणून तो उठला आणि जाताना दार ओढून गेला. जाताना त्याने काही वस्तू नेली नाही हे वहिनीच्या लक्षात आलं.

“मी कशी वापरणार?” वन्सं म्हणाल्या. “मी त्या यंत्राला हात तरी लावते का? तुझं आहे ते.”

वहिनीने खोक्यांकडे बघितलं. आता गप्प बसलं तर तिसरी डिस्क घेऊन घरी जायचं आणि शनिवारी पत्र फाडायचं, एवढंच उरत होतं.  एप्रन तिने घरून निघताना काढलाच नव्हता. खिशातून पत्र काढून तिने काउंटरवर ठेवलं आणि तळहाताने सपाट केलं.

“काय ते?”

“वाचा.”

“चष्मा घरी राहिला. तूच वाच.”

तिने वाचलं. आवाज मध्येच अडकला तेव्हा दोन ओळी गाळून पुढे गेली, मग मागे येऊन त्याही वाचल्या. वाचून झाल्यावर तिने वर पाहिलं नाही.

“नऊ ते चार?” वन्सं म्हणाल्या.

“हो.”

“दोन दिवस सुट्टी.”

“हो. वन्सं, मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही म्हणाल तर…”

“दात काढायला गेली होतीस ते हेच का?”

“हेच.”

“तरीच म्हटलं, दात आहे तिथेच दिसतोय.” वन्संनी एक मोठा श्वास सोडला. “अगं गाढवे, मग आठ दिवस खिशात काय उबवत बसलीस?”

वहिनीने मान वर केली. वन्सं रागावल्या असतील, रडत असतील, यातलं काहीही बघायची तिची तयारी होती. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने याआधी फक्त गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. नवा जोडा घालून चार पावलं टाकल्यावर, दुखत नाहीये हे पहिल्यांदा कळतं तेव्हाचं.

वन्संनी दोन्ही हात पुढे केले आणि काउंटरवर खोक्यांच्या मधोमध ठेवले. अंगठे मुळाशी सुजलेले होते. उजवा नीट मिटतही नव्हता.

“वर्ष झालं. सकाळी तासभर गरम पाण्यात धरल्याशिवाय रापी उचलत नाही. तू खाली यायच्या आत उरकायचं म्हणून पाचला उठते.”

“मला वाटायचं तुम्हाला दुकानाची ओढ…”

“ओढ! पाचला? थंडीत?” वन्संनी हात मागे घेतले. “मला आठपर्यंत झोपायचंय गं. एकदा तरी. आठ वाजता उठायचं आणि मग ठरवायचं की उठायचं का.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तुला? तू रोज दुकान बंद झाल्यावर तासभर त्या संगणकापुढे बसतेस. मला वाटलं, नवऱ्याचं काम आहे, त्याच्यातच जीव रमतो बिचारीचा. मी काम सोडलं तर हिचं काय राहणार?”

वहिनीचे कान तापले. “पत्ते खेळत असते.”

“काय?”

“संगणकावर पत्ते असतात. एकटीने खेळायचे. तुम्ही वर स्वयंपाक करत असायचात, तेव्हा…”

वन्संनी तिच्याकडे बघितलं, आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. त्या काउंटरला धरून हसल्या. वहिनीही हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. खरं म्हणजे तिला थोडं लागलंही होतं. दादाचं दुकान, आणि ते बंद करायला वन्संना एवढंसुद्धा जड जाऊ नये? मग लक्षात आलं, की हेच तिला स्वतःबद्दलही म्हणता आलं असतं, आणि तिने डोळे नीट पुसले.

“सहा वर्षं,” वन्सं म्हणाल्या. “सहा वर्षं मी तुझ्यासाठी थांबले.”

“पाच. पहिलं वर्ष मला खरंच दुकान हवं होतं.”

“हो,” वन्संचा आवाज उतरला. “पहिलं वर्ष मलाही हवं होतं. नसतं तर मी काय केलं असतं कोण जाणे.”



“पण पायांचं काय?” वहिनीने विचारलं. “सहाशे बारा माणसं आहेत. त्यांना सोडून चालणार नाही.”

“उंट आहे की.”

उंट म्हणजे त्यांच्याकडे नऊ वर्षं काम केलेला कारागीर. दारातून वाकून यायचा म्हणून दादानेच ठेवलेलं नाव. चार वर्षांपूर्वी त्याने नदीपलीकडे स्वतःचं दुकान टाकलं होतं, आणि त्याचा हात वन्संच्या हाताखाली तयार झालेला होता.

“त्याने गेल्या हिवाळ्यात विचारलं होतं मला,” वहिनी हळूच म्हणाली. “गिऱ्हाइकं मी सांभाळतो म्हणाला. मी त्याला दम भरला. म्हटलं, वन्संसमोर हा विषय काढलास तर याद राख, त्यांना धक्का बसेल.”

“तुलाही विचारलं त्याने?”

“म्हणजे?”

“मला दिवाणखान्यात बसून विचारलं होतं. तू बाहेर गेली होतीस. मी म्हटलं, वहिनीच्या कानावर जाता कामा नये, नवऱ्याची आठवण आहे तिची. शपथ घातली त्याला.”

“त्याने पाळलीसुद्धा.”

“दोघींची पाळली. बिचारा.”

दार ढकलून दुकानदार आत आला. त्याने आधी पाय पुसले, मग खोकला, मग काउंटरमागे जाऊन तिसरं खोकं पुढे सरकवलं.

“मग ही देऊ?”

“नको,” वन्सं म्हणाल्या. “पहिली.”

“पण आत्ता तर तुम्ही…”

“आत्ता आम्हाला काम करायचं होतं. आता नाही करायचं. एकाला सगळे पाय भरून द्यायचेत, त्याच्याकडे त्याचा संगणक आहे. तुम्हीच म्हणालात ना, साठवायला हिच्याइतकी दुसरी नाही?”

“ते आहेच. पण ही हळू आहे हं. नंतर तक्रार करू नका.”

“पाय ठेवायचेत, पळवायचे नाहीत.”

पेटी इथेच राहू द्या, मी संध्याकाळपर्यंत कॉपी करून ठेवतो, असं दुकानदाराने सुचवलं. वन्संनी ते उडवून लावलं. लोकांचे पाय परक्या दुकानात ठेवून जेवायला जायचं म्हणजे काय? मग त्याने नवी डिस्क पेटीतच जुनीच्या शेजारी बसवून दिली, काय दाबायचं ते वहिनीला दाखवलं, मध्ये बंद करू नका म्हणून बजावलं. वन्संनी त्याच्याकडून एक तार फुकट मिळवली. ती कशाची आहे हे त्यांना माहीत नव्हतं, पण अडीचपट किंमत टाळूनही काहीतरी घासाघीस केल्याशिवाय त्यांना बाहेर पडवेना.

घरी येईपर्यंत दोघींच्या जिभेला विसावा नव्हता. केंद्रात जेवणाची सुट्टी किती, वाटेत बस बदलावी लागते का, सुट्टी कोणत्या दिवशी, हे सगळं वन्संना आत्ताच हवं होतं. खालच्या खोलीचं काय करायचं यावर त्यांचं मत तयार होतं. काहीही करायचं नाही. यंत्रं उंटाने न्यावीत, टेबलं त्यानेच न्यावीत आणि खोली झाडून रिकामी ठेवायची.

“भाड्याने देऊ या की.”

“देऊ. पण आधी महिनाभर रिकामी बघू दे मला.”

वहिनीने कॉपी सुरू केली तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. पडद्यावर एक हिरवी पट्टी आली आणि तिच्याखाली पायांची नावं एकेक करून सरकू लागली. सहा तास दहा मिनिटं बाकी, असं संगणक म्हणत होता. जुनी डिस्क अधूनमधून टिचक्या मारत होती, पण नावं थांबत नव्हती.

तिने उंटाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आधी ती बोलली, मग वन्सं बोलल्या, मग दोघी एकदम. 

“ऐकतोयस ना रे?” वन्संनी विचारलं.

“ऐकतोय,” उंट म्हणाला. “दोघी शेजारी शेजारी आहात ना आत्ता?”

“हो.”

“मग मला आता एकीचं दुसरीपासून काही लपवायचं नाही?”

“नाही.”

“सुटलो,” तो म्हणाला, आणि इतक्या मनापासून म्हणाला की त्यांनाही त्याची दया आली. “माझी बायको म्हणायची, त्या रस्त्याने जाऊच नकोस, तुझ्या तोंडून निसटेल. मी वर्षभर लांबून वळसा घालून बाजारात जातोय.”

उद्या सकाळी गाडी घेऊन येतो, असं तो म्हणाला. नऊनंतर ये, असं वन्संनी त्याला बजावलं.

फोन ठेवल्यावर वहिनीने केंद्राला दोन ओळी लिहिल्या, वन्संना वाचून दाखवल्या आणि पाठवल्या. मग करण्यासारखं काहीच उरलं नाही. कापायला घेतलेलं चामडं टेबलावर पडलं होतं, त्याला दोघींनीही हात लावला नाही. वन्सं पडद्यावरची नावं बघत होत्या. मधूनच कुणाचं नाव ओळखीचं वाटलं की त्या सांगायच्या, हिला लाल रंगच हवा असतो, हा बुटाची नाडी बांधायला बायकोला पाठवतो, ह्याचा जोडा त्याच्या लग्नाला केला होता आणि तो घटस्फोटालाही तोच घालून गेला. उंटाला हे सगळं सांगायला हवं, डिस्कवर एवढं जात नाही, असं त्या म्हणाल्या.

“तिथे दिवसभर उभं राहावं लागेल ना तुला?” त्यांनी मध्येच विचारलं.

“बहुतेक वेळ.”

वन्संनी तिच्या पायांकडे बघितलं. मग त्या उठल्या आणि माप घेणाऱ्या यंत्राची काच फडक्याने पुसू लागल्या.

“चप्पल काढ.”

“कशाला?”

“काढ म्हटलं ना. उंटाची पहिली ऑर्डर आपल्या घरातून जाईल.”

“वन्सं, कॉपी चालू आहे. आत्ता यंत्र लावलं तर ती अजून रेंगाळेल.”

“रेंगाळू दे. कुणाला घाई आहे?”

सव्वीस वर्षांत वहिनीने शेकडो माणसांना त्या स्टुलावर बसवलं होतं, पाय कसा ठेवायचा ते सांगितलं होतं. स्वतः ती कधी बसली नव्हती. बाजारातून सदतीस नंबर आणायचा, तो पंधरा दिवस पायाला चावायचा, मग सवय व्हायची. ती स्टुलावर बसली आणि तिने पाय काचेवर ठेवले. काच गार होती. वन्सं गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या, सुजल्या अंगठ्यांनीच त्यांनी तिचे घोटे धरून सरळ केले आणि बटण दाबलं. उजेडाची रेघ सावकाश सरकली. पडद्यावरची हिरवी पट्टी अडखळली, थांबली आणि बऱ्याच वेळाने पुन्हा चालू लागली.

वन्सं आकडे वाचायला पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

“डावा पाय मोठा आहे तुझा,” त्या म्हणाल्या. “चांगला अर्धा नंबर. एवढी वर्षं बोलली नाहीस ती?”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

 वन्संनी तिचा डावा पाय काचेवरून उचलून मांडीवर घेतला आणि करंगळीच्या बाजूला जिथे कातडं निबर झालं होतं तिथे अंगठा ठेवला.

“इथे दुखतं?”

“हो,” वहिनी म्हणाली. “तिथेच.”